वारा कुठचा?

सुर्वे आमच्याकडे चहाला आले की सरळ घरात कधी शिरत नसत. आधी अंगणात थांबत, न्हाणीच्या चुलीतली चिमूटभर राख उचलत, डोक्याच्या उंचीवरून ती सोडत आणि कुठे जाते ते बघत. मग ओटीवरची खुर्ची उचलून वाऱ्याच्या बाजूला नेत, वाऱ्याकडे पाठ करून बसत आणि म्हणत, "हां. आता आणा चहा."

ज्याच्यापासून जपावं असं आमच्या घरात, माझं हार्मोनियम सोडलं तर, काहीच नव्हतं. पण सुर्व्यांना ते कोण सांगणार?

दत्ताराम सुर्वे आमचे शेजारी. दोन घरांच्या मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या बंबावर ते मुख्य फायरमन होते. त्याआधी मुंबईत कुठल्याशा रंगाच्या कारखान्यात त्यांनी हीच नोकरी केली होती आणि तिथून परत येताना एक पत्र्याची ट्रंक, बायको आणि तीन प्रश्न घेऊन आले होते. "वारा कुठचा?", "आत किती?" आणि "वास कसला?"

पहिला प्रश्न भेटेल त्याला. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे जातो तो मतलई वारा, दुपारी समुद्रावरून येतो तो खारा, हे मी शाळेत शिकलो होतो आणि भूगोलाचा पेपर देऊन विसरलो होतो. सुर्व्यांनी चाळिशीत माझ्याकडून ते पुन्हा घोकून घेतलं.

"काय साळवी, वारा कुठचा?"

"खारा."

"सकाळी साडेसातला खारा? वैनी, यांना चहा देऊ नका."

आणि मग धडा. "गॅस मागे लागला तर वाऱ्याबरोबर पळायचं नाय. गॅसला दम लागत नाय, तुम्हाला लागतो. वाऱ्याला आडवं निघायचं, मग वळून वाऱ्याच्या वरच्या अंगाला जायचं. म्हणून दाखवा." मी म्हणून दाखवत असे. त्याशिवाय गृहस्थ उठत नसे.

दुसरा प्रश्न दारात. आमच्याकडे सत्यनारायण होता. सुर्वे आले, उंबऱ्याबाहेर थांबले आणि आत किती माणसं ते विचारू लागले. बायकोला वाटलं, प्रसाद कमी पडेल म्हणून काळजी करतायत. ती म्हणाली, "पंचवीस असतील, या ना." ते म्हणाले, "असतील नको. मोजून सांगा." शेवटी भटजींनी पोथी थांबवून मोजले. तेवीस निघाले. उरलेले दोन कुठे गेले याचा सुर्व्यांनी आरती होईस्तोवर शोध घेतला.

तिसरा प्रश्न मात्र नेमका जेवणाच्या वेळी यायचा. गडग्यावरून वाकून सुर्वे विचारत, "वैनी, वास कसला येतोय?" बायको सांगे, "बांगड्याचं तिखलं." "तिरफळ घातलंत?" "घातलंय." "मग कसा येतो वास? नीट सांगा की." एवढं ऐकल्यावर वाटीभर तिखलं गडग्यावरून पलीकडे जाई. बायकोने त्यांचं नाव 'मतलई भावोजी' ठेवलं. "वारा असो नसो, यांचा मतलब आमच्या चुलीशी," असं ती म्हणायची.

एकदा टीव्हीवरच्या कुठल्या नटाला बघून मी दाढी राखली. सुर्व्यांनी माझ्या गालावरून बोट फिरवलं आणि शांतपणे सांगितलं, "साळवी, तुम्ही मेलात."

"का?"

"दाढीवर मास्क बसत नाय. केसांच्या फटीतून गॅस आत."

"मी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात गेटपास लिहितो. मला मास्क कशाला?"

"बर्फ कशानं होतो?"

"थंडीनं."

"आणि थंडी कशानं?"

थंडी अमोनियाने होते. माझ्या टेबलामागच्या भिंतीपलीकडे यंत्रांची खोली होती आणि तिच्यात त्या गॅसचे नळ बारा वर्षं धडधडत होते. मी दाढी काढली. बायकोने सुर्व्यांना त्या दिवशी न विचारता तिखलं पाठवलं.

तर त्याच वर्षी, मार्चमध्ये, सकाळी साडेआठच्या सुमारास त्यातला एक नळ फुटला.

आधी फुस्स असा आवाज, मग डोळ्यांत कुणी सुया टोचाव्यात तसं झालं. "गॅस, गॅस" करत सगळे बाहेर आले आणि सगळे धक्क्याकडे धावले. बंदरावरच्या माणसाचं हे असंच. संकट आलं की समुद्राकडे. मोकळी हवा तिकडे असते ही पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री. मीही धावलो. मागे पाहिलं तर पांढरा ढग जमिनीसरपट आमच्याच मागून येत होता. समोर होड्यांवरचे बावटे समुद्राकडे फडफडत होते.

मतलई.

मी थांबलो आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघांत ओरडलो. "समुद्राकडे नको! आडवे पळा, आडवे!"

मासळीची टोपली डोक्यावर घेतलेली एक बाई म्हणाली, "आडवा काय पळतोस मेल्या, कुर्ली हायस?"

पण ढग पाहून तीही आडवी झाली आणि तिच्यामागून सगळे. तिसेक माणसं वाळूवरून खरंच कुर्ल्यांसारखी तिरकी पळाली आणि लांबचा वळसा घालून कारखान्याच्या मागच्या चढावर पोचली. तिथे मी आमच्या कारखान्याची माणसं मोजली. सुर्व्यांच्या मोजण्याची केलेली टवाळी विसरून दोनदा मोजली. एक कमी होता. यंत्रांवरचे हसनभाई.

बंब आला तो कारखान्याच्या दाराशी न जाता वरच चढावर, आमच्यापाशी थांबला. लोक चिडले. "पुढे घ्या की! भ्यालात काय?" सुर्वे खाली उतरले, चिमूटभर धूळ सोडून बघितली आणि मला म्हणाले, "आत किती?"

"एक. हसनभाई."

"नक्की?"

"दोनदा मोजलंय."

त्यांनी माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं. तेवढ्यात त्यांच्यातला एक नवा गडी तोंडाला ओला रुमाल बांधून खाली धावला. सुर्व्यांनी त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं. "आत एक आहे. त्याचे दोन करू नको."

मग त्यांनी पाठीवर हवेची टाकी चढवली. मास्क लावला, नळीवर तळवा दाबून श्वास आत ओढला. मास्क गालांना चिकटला तेव्हा मान हलवली. जोडीदाराचंही तसंच तपासलं. दोघांच्या कमरेला दोर बांधला, आणखी दोघांना पाण्याच्या फवाऱ्याची आड धरायला मागे ठेवलं. या सगळ्याला दोन-तीन मिनिटं लागली असतील. तेवढ्यात हसनभाईंचा भाऊ दोनदा खाली निघाला आणि आम्ही चौघांनी त्याला दोनदा धरला. तो रडत सुर्व्यांना शिव्या देत होता. सुर्वे पट्टे आवळत होते.

दोघे आत गेले. दोर हलत राहिला. मग तिघे बाहेर आले. हसनभाई मोरीत शिरून, दाराच्या फटीला ओलं गोणपाट लावून, पाण्याच्या नळाखाली डोकं धरून बसले होते. डोळे लाल, आवाज गेलेला, पण माणूस शाबूत.

लोक सुर्व्यांना खांद्यावर घ्यायला धावले, तर त्यांनी हात आडवा केला. "शिवायचं नाय. कपड्यांत गॅस आहे." आणि बंबाच्या पाण्याखाली आधी हसनभाईंना न्हाऊ घालून दवाखान्यात पाठवलं, मग स्वतः उभे राहिले, मग म्हणाले, "साळवी, या. कपडे काढा."

"मी? मी तर बाहेरच होतो."

"भिंतीला टेबल तुमचं, पहिला गॅस तुमच्याच अंगावर आला. हे घरी न्यायचं नाय."

तर रत्नागिरीच्या बंदरावर, समस्त कोळणींसमोर, मी पट्टेरी चड्डीवर बंबाच्या पाण्याने आंघोळ केली. कुर्ली म्हणणारी बाई म्हणाली, "आता रस्सा करा याचा."

संध्याकाळी सुर्वे आमच्या ओटीवर आले. राख, खुर्ची, पाठ, सगळं नेहमीप्रमाणे. चहा घेताना त्यांनी विचारलं, "वास कसा होता हो?"

"अहो, तुम्ही तर आत होतात."

"मास्कात वास येता कामा नये. आला तर परत फिरायचं," ते म्हणाले. मग कप बशीत ठेवून, वारा कुठचा हे सांगावं तसं सांगितलं, "आणि तसाही मला येत नाय. मुंबईला टाकी फुटली. आत एक माणूस आहे म्हणाले. मी तसाच धावलो, मास्क न लावता. तो मागच्या दारानं कधीच बाहेर पडून चहा पीत होता. कुणी मोजलंच नव्हतं. तेव्हापासून नाक गेलं. तेरा वर्षं झाली."

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. तिच्या मतलई भावोजींना एकदाही तिखल्याचा वास आला नव्हता. तिने सांगितलेलाच वास त्यांना ठाऊक होता.

"वैनी," सुर्वे म्हणाले, "सुरंगीचा वास कसा असतो? आमच्या हिला विचारलं तर लाजते. म्हणते, असतो फुलासारखा."

मी पुढे सरसावलो. "गोड असतो. म्हणजे, तसा छान. उग्र, पण…" गेटपास लिहिणाऱ्याची भाषा तिथे संपली.

बायको उंबऱ्यावर बसली. "मध असतो ना भावोजी, तो उन्हात तापल्यावर जसा," ती म्हणाली. "आणि त्यात जरा मिरी कुटून टाकावी तसा. केसांतला वळेसर काढून ठेवला तरी सकाळी उशीला येतो."

सुर्वे डोळे मिटून ऐकत होते. "बरोबर," ते म्हणाले. "असाच होता."

ते गेल्यावर मी गडग्याशी उभा राहिलो. पलीकडे अंगणात त्यांची बायको, सुमनवैनी, समुद्राच्या बाजूला तांदूळ निवडत बसली होती. केसांत सुरंगीचा वळेसर होता. खारा वारा अजून वाहत होता. सुर्व्यांनी चिमूटभर राख उचलली, सोडली, नीट बघितली. मग खुर्ची उचलली आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला, सुमनवैनींकडे तोंड करून बसले.