विनी मावशीचे डॉमिनो आणि सात पिवळी जाकिटं

पिवळं जाकीट घातलेल्या माणसाला इंग्लंडमध्ये कोणी अडवत नाही. हातात क्लिपबोर्ड असला तर लोक दारसुद्धा उघडून धरतात.

कबुतरांची घाण ओली असली की पाय घसरतो, वाळली की शिंका येतात. मधली अवस्था नसते.

अंडी सहा. मार्गारीन. धुण्याची पावडर, निळी, मोठा डबा.

एक्केचाळीसच्या हिवाळ्यात जर्मन विमानं आमच्या गावावरून मँचेस्टरकडे जायची. आमच्यावर एकही बॉम्ब टाकला नाही, याचा गावातल्या म्हाताऱ्यांना अजून थोडा राग आहे.

सोमवारी सकाळी आठ वाजता क्रॉबेक गिरणी पाडणार.

तर आता हे सगळं एका दोऱ्यात ओवून दाखवतो. मी क्लाइव्ह सगडन. एकतीस वर्षं हॅलिफॅक्समध्ये बस चालवली, आणि गेली बारा वर्षं दर शनिवारी पडक्या इमारतींत घुसतो. बंद गिरण्या, ओस पडलेले विमानतळ, लढाईच्या वेळची तळघरं! काही तोडायचं नाही, काही उचलून आणायचं नाही, फक्त फोटो काढायचे. बारा वर्षांत एकदाही पकडला गेलो नाही. या बाबतीत यॉर्कशरमध्ये माझ्या तोडीचा माणूस नाही, आणि हे मी नम्रपणानं सांगतोय!

विनी मावशी सोळा वर्षांची असताना क्रॉबेकमध्ये मागावर कामाला होती. विमानांचा भोंगा वाजला की सगळ्या पोरी खालच्या तळघरात. बाकीच्या रडायच्या, देवाचं नाव घ्यायच्या. विनी आणि हिल्डा क्रॅबट्री डॉमिनो खेळायच्या. हिवाळाभर! गुण भिंतीवर मांडायच्या, लोकरीच्या गठ्ठ्यांवर खुणा करायला जो काळा रंग असायचा, त्यानं. मार्चमध्ये दोघींना दारूगोळ्याच्या कारखान्यात धाडलं आणि खेळ थांबला. जिंकलं कोण? मावशी म्हणते मी. हिल्डा म्हणते मी. अठ्ठ्याहत्तर वर्षं हेच चाललंय! मधल्या काळात दोघींनी लग्नं केली, नवरे पुरले, आणि आता एकाच वृद्धाश्रमात समोरासमोर बसून एकमेकींना मीठ देत नाहीत.

"क्लाइव्ह," मावशी म्हणाली, "सोमवारी ती भिंत पडली की हिल्डाच खरी ठरणार. तिचा आवाज मोठा आहे."

"मावशी, मी फोटो आणतो."

"आण. नाही आणलास तर रविवारी जेवायला येऊ नकोस. माझ्या अंत्ययात्रेलाही येऊ नकोस! मी बघत असेन."

म्हणून शनिवारी सकाळी मी आणि डेरेक हॉयल निघालो. डेरेक माझा जुना कंडक्टर. शरीरानं कपाट, मनानं ससा. दोघांच्या अंगात पिवळी जाकिटं. डेरेकच्या डोक्यावर नातवाचं सायकलचं हेल्मेट, पांढरा रंग मारून सरकारी केलेलं. माझ्या हातात क्लिपबोर्ड. त्याला लावायला घरात एकच कागद सापडला, बायकोनं, आमच्या ब्रेंडानं दिलेली वाणसामानाची यादी. पण लांबून कोणाला काय कळतंय!

मागून, कालव्याच्या बाजूनं, खिडकीतून आत शिरलो. डेरेक खिडकीत अडकला, त्याची हकिगत सांगत नाही, तो हे वाचणार आहे.

तळघराचं लोखंडी दार सापडलं. त्याच्यापुढे छतातून कोसळलेल्या विटांचा ढीग. ढीग कसला, टेकडीच! त्यावर दोन तुळया आडव्या.

"हे उचलायला आपल्याला बुधवार उजाडेल," डेरेक म्हणाला.

"सोमवारी पाडणार आहेत."

"मग आपल्यासकट पाडतील."

तेवढ्यात पावलं वाजली. खांबाआडून दोन माणसं आली. पिवळी जाकिटं! पांढरी हेल्मेटं! आणि बाईच्या हातात चक्क मोजपट्टी!

गिरणी पाडणारे आले होते. माझा एक पाय आपोआप खिडकीकडे वळला. पण चेहरा? चेहरा साहेबाचा! अशा वेळी आधी बोलतो तो जिंकतो.

"उशीर झाला तुम्हाला!" मी खेकसलो.

बाई दचकली. "माफ करा साहेब. मी लिनेट ग्रिमशॉ. हा माझा नवरा, बॅरी. आम्ही... आम्ही रॉचडेलहून आलोय."

रॉचडेल! डोंगरापलीकडचे, लँकेशरचे, आमचे पिढीजात वैरी! यॉर्कशरची गिरणी पाडायलासुद्धा यांना तिकडची माणसं लागतात. माझं रक्त उसळलं आणि भीती जरा मागे सरली.

"रॉचडेलमध्ये घड्याळं नसतात वाटतं?" मी म्हणालो, आणि क्लिपबोर्डवर काहीतरी लिहिल्यासारखं केलं. लिहिलं : 'अंडी बारा.'

बॅरीचा रंग उडाला. "साहेब, तक्रार नका लिहू. काय काम आहे ते सांगा."

आता तुम्हीच सांगा, दैव असं समोर येऊन हात जोडून उभं राहिल्यावर माणसानं काय करावं?

"हे दार मोकळं करा," मी म्हणालो. "आत तपासणी करायची आहे."

आणि त्यांनी केलं! लिनेट विटा अशा फेकत होती की जणू प्रत्येक वीट तिची सासू आहे. दहा मिनिटांत वरून आणखी तीन पिवळी जाकिटं उतरली. कॉलेजात शिकण्याच्या वयाचे तिघे. आम्हाला बघून त्यांचे पाय जमिनीला चिकटले.

"तुम्ही कोण?" मी.

"आम्ही... विजेचे," त्यातला उंच पोरगा म्हणाला.

"मग विजेसारखे हात चालवा! त्या तुळईला धरा!"

धरलं बिचाऱ्यांनी. डेरेक माझ्या कानाशी आला. "क्लाइव्ह, मला भीती वाटतेय. हे सगळे खरे आहेत!"

"गप रे. खरे आहेत म्हणून तर काम करतायत."

"आणि कळलं तर?"

"कळायला वेळच द्यायचा नाही. जरा कमरेवर हात ठेवून उभा राहा. साहेब दिसशील."

डेरेक कमरेवर हात ठेवून उभा राहिला. साहेब नाही, दोन कानांची किटली दिसला. पण चाललं! अर्ध्या तासात टेकडी सपाट! पाच माणसं घामाघूम, आणि मी 'पावडर दोन डबे' असं ठळक लिहून त्याखाली रेघ मारली.

दार कुरकुरत उघडलं. मी बॅटरी घेऊन एकटाच आत गेलो. लाकडी बाकं होती तशीच. एका खिळ्यावर कोणाचा तरी रुमाल, राखेच्या रंगाचा झालेला. आणि समोर भिंत.

चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. चार उभ्या, पाचवी आडवी. या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन रांगांत. बाहेर विमानं जात असताना दोन पोरींनी हिवाळाभर काढलेल्या रेघा! मी बाहीनं नाक पुसलं. कबुतरांची धूळ असेल. खाली ठसठशीत बेरीज : विनी दोनशे चौदा, हिल्डा दोनशे अकरा.

"जिंकली!" मी ओरडलो. "तीननं जिंकली!"

"काय जिंकली, साहेब?" बाहेरून बॅरी.

"तपासणी!"

अकरा फोटो काढले. मोबाइल खिशात ठेवून विजयी वीरासारखा बाहेर आलो, तर समोर जांभळा स्वेटर घातलेली, गोल चेहऱ्याची एक बाई उभी. ना जाकीट, ना हेल्मेट. हातात कापडानं झाकलेली थाळी.

"अहो, इथे आहात होय सगळे!" ती म्हणाली. "मी नऊ वाजल्यापासून वाट बघतेय."

"बाई!" आम्ही सातही जण एकदम गरजलो. "हेल्मेट कुठाय?"

प्रत्येकाला दुसऱ्यापेक्षा जास्त अधिकारी दिसायचं होतं ना! लिनेटनं आपलं हेल्मेट तिच्या डोक्यावर चढवलं. विजेच्या पोरांनी तिला तुळईपासून चार पावलं मागे उभं केलं. मी तिचं नाव विचारून मार्गारीनच्या खाली टिपून घेतलं. पॅट्रिशिया. ती बिचारी सगळं निमूट करून घेत होती.

"पण मला एक सांगा," ती म्हणाली, "तुमच्यापैकी पाडणाऱ्या कंपनीचं कोण?"

एक कबूतर फडफडलं.

मी बॅरीकडे बोट दाखवलं. बॅरीनं माझ्याकडे. लिनेटनं डेरेककडे, डेरेकनं विजेच्या पोरांकडे, आणि त्या तिघांनी माझ्याकडे!

"साहेब," लिनेट हळूच म्हणाली, "तुम्ही खरे नाही?"

"तुम्ही खरे नाही?"

"आम्ही फोटो काढायला आलो होतो!"

"आम्हीपण," विजेचा पोरगा म्हणाला.

"म्हणजे मी अर्धा तास तुमच्या विटा वाहिल्या?" बॅरी किंचाळला. "यॉर्कशरवाल्याच्या?"

"मीच कंपनीची आहे," पॅट्रिशियाबाई हसून म्हणाल्या. "आता चला..."

पुढचं ऐकायला थांबलो नाही! सात पिवळी जाकिटं एकाच खिडकीकडे धावली. यॉर्कशर आणि लँकेशर इतक्या एकदिलानं पूर्वी कधी पळालं नसेल. डेरेक या वेळी अडकला नाही, मागून पाच जण ढकलत होते. बॅरीची पँट खिडकीच्या फुटक्या काचेत राहिली. मागून बाईंचा आवाज येतच होता : "अहो, थांबा! लोणी लावलेले स्कोन तरी खा! चाळीस केलेत!"

"ऐकू नका!" मी ओरडलो. "सापळा आहे!"

रविवारी वृद्धाश्रमात मी फोटो मोठा करून हिल्डाबाईंपुढे ठेवला. त्यांनी भिंग काढलं. एकेक रेघ मोजली. सूप निवलं, मटण निवलं, पुडिंग आलं. सगळं जेवणघर श्वास रोखून बसलेलं. शेवटी त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"विनी," त्या म्हणाल्या, "तू जिंकलीस."

मावशीनं कानाचं यंत्र काढलं, फुंकलं, परत बसवलं.

"काय म्हणालीस? बंद होतं."

"तू जिंकलीस!"

"सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण."

"विनी जिंकली, मेली!"

मावशीनं खुर्चीतल्या खुर्चीत मान अशी उंचावली की तिथल्या नर्सनं टाळ्या वाजवल्या. मग तिनं मिठाचं भांडं उचललं आणि स्वतःच्या हातानं हिल्डाबाईंपुढे सरकवलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू अंत्ययात्रेला ये."

बारा वर्षांतली माझी सगळ्यात मोठी मोहीम! पकडला गेलो नाही तो नाहीच. ब्रेंडानं मात्र बारा अंडी आणि पावडरीचे दोन डबे का आणले म्हणून दोन दिवस विचारलं.

क्रॉबेक गिरणीच्या पुढच्या फाटकावर गुरुवारपासून पाटी लावलेली होती : 'शनिवारी नऊ ते चार, गिरणी शेवटची पाहण्यासाठी सर्वांना खुली. चहा आणि स्कोन कंपनीकडून.'