साखरेच्या घोड्याचं काळीज

जवळा बाजारजवळच्या तांड्यावरच्या शाळेत मानवी शरीराचा एकच तक्ता होता आणि तो अठ्ठ्याण्णवच्या होळीआधी वाळवीने खाल्ला. वाळवीही चवीची. हातपाय सोडून दिले. हृदय, फुप्फुसं, जठर एवढंच नेमकं फस्त केलं. सोमवारी विस्तार अधिकारी तपासणीला येणार होते आणि त्यांना विज्ञानाची भारी हौस आहे, असं योगेश गुरुजींच्या कानावर होतं.

गुरुजी नवा तक्ता काढायला बसले. दोनदा माणूस काढला, दोन्ही वेळा त्याचं वांगं झालं. शेवटी त्यांनी मनाची समजूत घातली, की पोरांना आतलं कळल्याशी कारण, बाहेर माणूसच पाहिजे असं कुठं आहे? मग त्यांनी एक चिंध्यांची बाहुली काढली आणि बाजारात मिळतो तसा साखरेचा घोडा. दोघांचीही एक बाजू उघडी. बाहुलीच्या जठरात अर्धी भाकर, डाव्या अंगाला लालभडक काळीज. घोड्याच्या पोटात आतड्यांची जिलेबी. चित्र असं झकास उतरलं की गुरुजी स्वतःवरच खूश झाले.

पोरं तर चित्रापुढून हलेनात.

"गुर्जी, घोड्याला दुखतं का?" जगनने विचारलं.

"दुखणारच की! जीव आहे ना!" गुरुजी रंगात येऊन बोलून गेले. इथंच घोड्याने पेंड खाल्ली.

होळीच्या बाजारातून घरोघरी साखरेचे घोडे आले, पण एकाही पोराने त्यांना दात लावला नाही. जगनच्या घोड्याला मुंग्या लागल्या, म्हणून त्याने त्याला मायेने आंघोळ घातली. घोडा त्याच्या ओंजळीतच विरघळला. दुसऱ्या दिवशी जगनची आई शाळेच्या दारात उभी.

"गुर्जी, काहून असं शिकवता? पोरगं कालपासून जेवून न्हाई राहिलं. घोड्याचं सुतक धरून बसलंय!"

गुरुजींना हसू आवरेना. पण सोमवारी सकाळी अनुसयाबाई आपल्या नातीला, शितलला, हाताला धरून घेऊन आल्या आणि ते हसू जागीच विरलं.

शितलचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले होते. जाताना तिच्या याडीने, म्हणजे आईने, एक बाहुली शिवून दिली होती. 'म्या येईस्तोर सगळं हिला सांगत जाय,' असं बजावलं होतं. शितल रोज सगळं सांगायची. तक्ता पाहिल्यावर तिला वाटलं, सांगितलेलं काळजापर्यंत पोचलं का ते बघावं. तिने विळीवर बाहुलीचं पोट फाडलं.

"निस्त्या चिंध्या निघाल्या," अनुसयाबाई म्हणाल्या. "दोन दिस झाले, लेकरू बोलंना."

गुरुजींना फार वाईट वाटलं. त्यांनी लाल रिबिनीत कापूस भरून घाईघाईने एक काळीज शिवलं आणि शितलपुढे धरलं. तिने ते बघितलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"हे तुमी आत्ता बनिवलं. म्या आधी सांगितलेलं याला कसं ठावं?"

 गुरुजींना डी. एड.ला हे कोणी शिकवलं नव्हतं.

अनुसयाबाई मात्र पदराआडून फाटकी बाहुली काढून खाली बसल्या आणि चिंध्या एकेक करून परत भरू लागल्या. एक लाल तुकडा निघाला, त्याला चिमुकला आरसा टाचलेला.

"थांब आजी," शितल म्हणाली. "ही तर याडीची ओढणी हाय."

"मंग? अन् ही तिच्या कांचळीची बाही. चिंध्या काय बाजारातून आणल्या व्हत्या तिनं? सोताच्या अंगावरचं फाडून भरलं."

शितलने तो तुकडा नाकाशी नेला. बराच वेळ तो तिथंच होता. मग तिने तो स्वतःच्या हाताने बाहुलीच्या डाव्या अंगाला ठेवला. "आता बराबर शिव," ती म्हणाली.

शेवटचा टाका पडला आणि दारात साहेबांची मोटारसायकल थांबली.

साहेबांनी तक्ता बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला. 

"हं. सांगा, हृदय कशाचं बनलेलं असतं?"

शितल बाहुली घेऊन उभी राहिली. "आईच्या ओढणीचं."

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. साहेब शितलकडे बघत राहिले, मग त्या ताज्या शिवणीकडे.

"स्नायूंचं," ते म्हणाले; पण इतक्या हळू, की पहिल्या रांगेलाही धड ऐकू आलं नाही.

चहाबरोबर द्यायला शाळेत काही नव्हतं, पण घरोघरी न खाल्लेले घोडे पडून होतेच. अनुसयाबाईंनी एक आणवला. साहेबांनी त्याचं डोकं तोंडात घातलं मात्र, सगळा वर्ग उठून उभा राहिला.

"सायेब, शेपटीकडून खा!" शितल ओरडली. "अन् काळजापाशी थांबा!"

साहेबांनी घोडा बाहेर काढला.  त्यांनी मुकाट्याने शेपटीचं टोक तेवढं मोडून खाल्लं आणि बाकीचा घोडा रुमालात गुंडाळून डाव्या खिशात ठेवला.

तांड्याचा रस्ता खड्ड्यांचा. साहेब एका हाताने गाडी सावरत, दुसऱ्या हाताने खिसा धरून निघाले. जगन बिचारा पार वळणापर्यंत मागे धावत गेला.

"सायेब! त्याला आंघोळ नका घालू!"