चाळीस मिनिटं न हलवता

सासऱ्यांनी दिवाणखान्यात सोफ्याच्या वर एक खिळा ठोकला, तिथून या सगळ्याची सुरुवात झाली.

सासरे-सासूबाईंच्या लग्नाला त्या दिवशी पन्नास वर्षं पूर्ण झाली होती आणि दोन्ही जावई गळ्यात कॅमेरे अडकवून हजर होते. दोघांनाही फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्यांचं आणि काळ्या-पांढऱ्या फोटोंचं वेड. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. कशातही पहिला नंबर काढल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. हातोडी खाली ठेवत ते म्हणाले, "ज्याचा फोटो चांगला, त्याचाच इथे लागेल. निकाल पुढच्या रविवारी."

धाकटे जावई एका कचेरीत हेडक्लार्क होते. (फाइलीवर 'तातडीचे' असं लिहून ती महिनाभर दाबून ठेवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.) मोठे जावई म्हणजे त्यांचे साडू. या साडूंचा हेडक्लार्कांना मनस्वी मत्सर वाटे. साडूंच्या फोटोत आकाशातले ढगसुद्धा वेगवेगळे ओळखू येत. हेडक्लार्कांच्या फोटोत पांढरा शर्ट, पांढरी भिंत आणि आकाश गुण्यागोविंदानं एकत्र नांदत. त्यात साडू चार वर्षांनी मोठे असून त्यांचे केस दाट आणि काळेभोर. हेडक्लार्कांनाही केस होते, नाही असं नाही. पण त्यांची हजेरी एका दमात घेता आली असती.

बायको या आगीत न चुकता तेल ओतायची.

"भावोजींच्या फोटोत मी किती बरी दिसते, नाही?"

"आणि माझ्या?"

"तुमच्या फोटोत मी दिसते कुठे? दोन डोळे आणि एक कुंकू, बाकी सगळा उजेड!"

तेव्हा तो खिळा आपणच जिंकायचा, असा हेडक्लार्कांनी पण केला. सासरे-सासूबाईंना सोफ्यावर बसवून त्यांनी सबंध रोल संपवला. "हनुवटी वर. खांदे सरळ. श्वास रोखा." छत्तीस फोटो होईपर्यंत म्हाताऱ्यांचा श्वास खरोखरच अडकायची वेळ आली. शेवटी लेन्सचं झाकण हातातून निसटून सोफ्याखाली घरंगळलं आणि ते काढायला हेडक्लार्क जमिनीवर आडवे झाले, तेव्हा कुठे दोघं सुटले. साडूंनी फक्त दोन फोटो काढले आणि चहा घेतला. (दोनच! हा माज नाही तर काय?)

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क फोटोच्या दुकानात गेले, तर फिल्म धुवायचं डेव्हलपरच नाही.

"आता कुठलं साहेब?" दुकानदार मोबाइलची कव्हरं पुसत म्हणाला. "कंपनीनं बनवणंच बंद केलं. तुमच्या साडूंचं बरंय. घरीच बनवतात."

"घरी? कशापासून?"

"घरातल्याच वस्तू म्हणाले. विचारा की त्यांना."

साडूंना विचारायचं! त्यापेक्षा हेडक्लार्कांनी कचेरीत शिपायाची माफी मागितली असती. पण घरातल्या कुठल्या वस्तू, या विचारानं त्यांची झोप उडाली. तेव्हा बुधवारी संध्याकाळी ते 'सहज इकडून चाललो होतो' असं सांगत साडूंच्या घरी टपकले. (त्या बाजूला जायला दोन बस बदलाव्या लागतात.) पाच मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारून त्यांनी पोटावर हात ठेवला.

"जरा बाथरूम…"

"जा ना, जा ना," साडू म्हणाले. "घर तुमचंच आहे."

घर आपलंच म्हटल्यावर कपाट उघडायला काय हरकत आहे? बाथरूममधल्या आरशाच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता आणि त्यावर साडूंचं ते मोत्यासारखं अक्षर. (अक्षरही चांगलं! देवानं काही मागे म्हणून ठेवलं नव्हतं.)

'कॉफी चार मोठे चमचे. कडक काळा चहा दोन कप. व्हिनेगर एक चमचा. चाळीस मिनिटं, अजिबात न हलवता. मग कोमट पाणी. साबण नको. चमक येते.'

कॉफीत फिल्म धुता येते हे हेडक्लार्कांनी कुठंतरी वाचलं होतं. त्यात चहा आणि व्हिनेगर घालायचं कुणाला सुचलं नव्हतं, ते या पठ्ठ्याला सुचलं! आणि चाळीस मिनिटं न हलवता? आपण तर फिल्मचा डबा दर मिनिटाला हलवतो. म्हणजे साडूंचे ढग दिसतात ते या धीरामुळे! मत्सरी माणसाला प्रतिस्पर्ध्याच्या शिंकेतही शास्त्र दिसतं. त्यांनी कागद पाठ केला, उगाचच पाणी सोडलं आणि बाहेर येऊन "आता बरं वाटतंय" असं अगदी खरं सांगितलं.

शनिवारी दुपारी त्यांनी बाथरूम ताब्यात घेतलं, फटींना टॉवेल लावले आणि अंधारात फिल्म डब्यात भरली. मग दिवा लावून त्यात ते काळं मिश्रण ओतलं.

"अहो, घरातली कॉफी कुठे गेली?" दाराबाहेरून बायको.

"चाळीस मिनिटांनी सांगतो!"

"आणि आत चहा कसला उकळताय? डोकं फिरलंय का?"

"दारावर थापा मारू नकोस! हलतंय!"

"काय हलतंय?"

हेडक्लार्क बालदी पालथी घालून तिच्यावर बसले होते आणि डब्याला धक्का लागू नये म्हणून स्वतःही हलत नव्हते. मुंग्या पायाला आल्या, मग कमरेला आल्या. चाळीस मिनिटं झाल्यावर जुन्या बाटलीतला, फोटो पक्का करणारा हायपो ओतला, कोमट पाण्यानं धुतलं आणि त्यांनी फिल्म उजेडात धरली.

फिल्म आरपार स्वच्छ होती. तिच्यात ना सासरे, ना सासूबाई, ना सोफा. छत्तीसच्या छत्तीस चौकटींतून पलीकडचा नळ नीट दिसत होता. सगळ्या फिल्मवर तपकिरी झाक मात्र सुरेख चढली होती, आणि चमक तर अशी की बघत राहावं. हेडक्लार्कांची दहाही बोटं तशीच तपकिरी झाली होती.

रविवारी ते खिशात हात घालूनच सासुरवाडीला गेले. साडूंनी त्यांना खिडकीपाशी गाठलं.

"फोटो कुठाय तुमचा?"

"अजून… धुवायचाय."

"डेव्हलपर मिळत नसेल. अहो, मला नाही का विचारायचं? सोपंय. कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सीची पूड. लिहूनच देतो."

हेडक्लार्कांच्या तोंडून निघून गेलं, "आणि व्हिनेगर?"

साडूंचा चेहरा पडला. त्यांचा हात आपसूक डोक्याकडे गेला. मग त्यांची नजर हेडक्लार्कांच्या खिशाबाहेर आलेल्या तपकिरी अंगठ्यावर गेली.

"तुम्ही माझं कपाट उघडलंत?" ते कुजबुजले. "ते केसांचं आहे हो! इथे कुणाला माहीत नाही. हे केस मूळचेच काळे आहेत, असं लग्नापासून सांगत आलोय."

हेडक्लार्कांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. काळेभोर म्हणे! आत्ता दिवाणखान्याच्या मध्यभागी उभं राहून सगळ्यांना ओरडून सांगावं! त्यांनी श्वास घेतला, तोंड उघडलं आणि लोकांचा पुढचा प्रश्न त्यांना आधीच ऐकू आला. तुम्हाला कसं कळलं? मग कपाट आलं, पोटदुखी आली, आणि सासू-सासऱ्यांचा पन्नास वर्षांचा संसार आपण केसांच्या कलपात बुडवला हेही आलं. त्यांनी तोंड मिटलं.

"मी बोलणार नाही," ते म्हणाले.

"मीही नाही," साडू म्हणाले, आणि दोघांनी हात मिळवले. साडूंच्या हाताला काहीच लागलं नाही. चाळीस वेळा धुऊनही न गेलेला रंग एव्हाना पक्का झाला होता.

तेवढ्यात सासऱ्यांनी साडूंचा फोटो खिळ्यावर चढवला. फोटोत दोघं म्हातारे एकमेकांच्या अंगावर रेलून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. इतकं हसताना हेडक्लार्कांनीही त्यांना कधी पाहिलं नव्हतं. क्षणभर त्यांना मत्सराचा विसर पडला. हे हसतायत तरी कशाला, म्हणून ते फोटोजवळ गेले.

फोटोच्या खालच्या कोपऱ्यात, सोफ्याच्या पायाशी, झाकण शोधणारं त्यांचं डोकं होतं.

"उजळ भागातच डेव्हलपरचा कस लागतो," साडू जाणकारीनं म्हणाले. "बघा, चकाकतंय, पण तपशील गेलेला नाही. एकेक केस मोजता येतो."

सासऱ्यांनी चष्मा लावून मोजलेही. अकरा भरले.

बायको कितीतरी वेळ फोटो निरखत होती. मग तिनं कौतुकानं हेडक्लार्कांकडे पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "तुमचा इतका छान फोटो आजवर कुणी काढला नव्हता."