बिनखिळ्याची चिक

शेषरावाला मोकळी भिंत बघवत नसे, ही त्याच्या आईची जुनी तक्रार होती. माणसाला एखादं व्यसन असतं, तंबाखूचं म्हणा, पत्त्यांचं म्हणा. याला खिळ्याचं होतं. टोपीला खिळा, छत्रीला खिळा, कंदिलाला खिळा, आणि पुढेमागे आणखी काही अडकवायची वेळ आली तर असावा म्हणून एक रिकामा खिळा. महाराष्ट्र राज्य झालं त्याच साली घर बांधलं, वर मातीचं धाबं असलं तरी आतून भिंतींना शहरासारखा सिमेंटचा गिलावा केला, आणि या पोरानं त्या गिलाव्याची चाळणी करून टाकली, असं पंचफुलाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून दाखवत. शेषराव चिखलीला अडतीवर दिवाणजी होता. दिवसभर तिथे नुसतं लिहायचं, ठोकायला काही मिळत नाही, म्हणून घरी येऊन भिंतीचा सूड घेतो, असं त्यांचं निदान होतं.

पण त्या वैशाखात त्यांनी घरात खिळाबंदी केली ती काही गिलाव्यापायी नव्हे.

त्यांची सून वच्छला फोडणीचा वास आला की परसात जाऊन उभी राहू लागली होती. पदराआड चुलीच्या मातीचा खडा चघळताना पंचफुलाबाईंनी तिला पाहिलं होतं. त्या स्वतः दुसरीच्या पुढे शाळेत गेल्या नव्हत्या, पण एवढं वाचायला शाळा लागत नाही.

गेल्या सालीही असंच झालं होतं. तेव्हा शेषरावानं कळल्या दिवशीच चिखलीच्या एसटीत पेढे वाटले, ड्रायव्हर-कंडक्टरसकट. तिसऱ्या महिन्यात सगळं वाहून गेलं, आणि ज्यानं ज्यानं पेढा खाल्ला होता तो प्रत्येक जण हळहळायला घरी आला. वच्छला भिंतीकडे तोंड करून बसायची. त्याच आठवड्यात शेषरावानं कॅलेंडरासाठी खिळा ठोकला होता. घरात पोटुशी बाई असताना ठोकाठोक करू नये, हे पंचफुलाबाईंना त्यांच्या आईनं सांगितलेलं. खिळ्यानं झालं की कशानं, ते देवाला ठाऊक. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. मात्र या खेपेला देवाच्या हाती कसलीच सबब द्यायची नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

या वेळी वच्छलानं कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. तेव्हा ती आपल्या तोंडानं सांगेपर्यंत आपल्यालाही काही ठाऊक नाही, असं सासूनं ठरवलं. अडचण एवढीच होती, की ऊन कोणाची गुपितं पाळत नाही. घराचं दार आणि खिडकी दोन्ही मावळतीला. दुपार कलली की ऊन सरळ आत येऊन पाहुण्यासारखं पसरायचं. एक दिवस वच्छला पाणी भरता भरता डोकं धरून खाली बसली.

“दारा-खिडकीले बांबूच्या चिकेचा पडदा लावून टाकतो,” शेषराव म्हणाला. “वरून खिळे मारले का झालं.”

“खिळा नाही माराचा.”

“काऊन?”

“गिलावा फुटते.”

“माय, गिलाव्यात आता फुटाले जागा कुठं राह्यली?”

“जे राह्यली ते राहू दे.”

शेषरावाचे वडील भाऊराव बाजेवर बसून हे ऐकत होते. भाऊराव बोलण्याच्या बाबतीत फार काटकसरी. ‘हाव’ आणि ‘नाही’ एवढ्यावर त्यांचा संसार झाला होता. त्या दिवशी ते ‘हाव’ही म्हणाले नाहीत. संध्याकाळी मात्र घरातली हातोडी दिसेनाशी झाली. आईनं लपवली असं शेषरावाला वाटलं, आणि त्यानंच कुठेतरी टाकली असेल म्हणून आईनं त्याला आणखी चार शब्द सुनावले.

मग सुरू झाले बिनखिळ्याचे उपाय. पहिल्या दिवशी शेषरावानं आईचं सणाचं लुगडं खिडकीच्या फळीत चिमटून बाहेर सोडलं. सावली छान पडली. तेवढ्यात वावटळ आली, फळी उघडली, आणि लुगडं उडालं ते समोरून येणाऱ्या म्हशीच्या शिंगांवर जाऊन बसलं. म्हैस बुजली आणि ते लुगडं लेवून पार नदीपर्यंत मिरवून आली. बायकांनी येऊन पंचफुलाबाईंना सांगितलं, की काठ तिला शोभत होता.

तेव्हा पंचफुलाबाई शेजारच्या गीताबाईंना सोबत घेऊन स्वतः धाडच्या बाजाराला गेल्या. तिथे अंबूबाई बुरडीण टोपल्या, सुपं आणि बांबूच्या चिका घेऊन बसे. तिनं जाड कामट्यांची चिक दाखवली, मग बारीक कामट्यांची, हिरव्या काठाची दाखवली. पंचफुलाबाईंनी एकेक उलगडून उन्हाकडे धरून पाहिली, सगळ्यांना नावं ठेवली, आणि त्यांतल्या दोन पसंत केल्या.

“वरून खिळे मारा आन सोडून द्या,” अंबूबाई म्हणाली.

“खिळे नाही माराचे. बिनखिळ्यानं लागली पाह्यजे.”

अंबूबाईनं चिक गुंडाळता गुंडाळता मान वर केली. आजूबाजूला पाहिलं. मग हळूच विचारलं, “कितवा?”

“काय कितवा? माह्या घरचा गिलावा नवा हाये.”

“असंन, असंन,” अंबूबाई म्हणाली, आणि चिकांच्या गुंडाळीवर एक नवंकोरं सूप ठेवून दिलं. त्याचा भाव सांगितला नाही. पंचफुलाबाईंनी सूप परत केलं, तिनं पुन्हा ठेवलं. पाचवीला बाळ सुपात ठेवतात हे सांगायची तिथे कोणाला गरज नव्हती. गीताबाई बाजूला उभ्या राहून आभाळाकडे बघत होत्या. पण कान त्यांचे खाली होते.

परतीच्या एसटीत चिका टपावर गेल्या आणि सूप मांडीवर आलं. कंडक्टरनं सुपाकडे पाहिलं, टपाकडे बोट करून विचारलं, “बाई, चिक लावाची हाये का?” पंचफुलाबाईंनी काही म्हणायच्या आत गीताबाईंनी सांगितलं, की हाव, पन बिनखिळ्याची. कंडक्टर म्हणाला, बरं बरं, आणि त्यांच्यासाठी खिडकीजवळची जागा रिकामी करवली.

दुसऱ्या दिवसापासून गावाला गिलाव्याची काळजी लागली. एक बाई कैऱ्या घेऊन आली. “गिलावा कसा हाये?” तिनं विचारलं. दुसरी चिंचेचे आकडे देऊन गेली आणि गिलाव्याला जड उचलू देऊ नका म्हणाली. शेषराव कोपऱ्यातल्या कैऱ्यांच्या ढिगाकडे बघत बसे. सिमेंटमध्ये कैरी घालतात की काय, असं त्यानं एकदा बापाला विचारलंही. भाऊराव “नाही” म्हणाले. पंचफुलाबाई प्रत्येकीला गिलाव्याची खुशाली गंभीर चेहऱ्यानं सांगत आणि आतून धुमसत. आपल्या तोंडून शब्द गेला नाही, एवढाच त्यांना दिलासा होता. आणि वच्छला बिचारी, सासूला खरंच गिलाव्याचा लळा आहे असं समजून भिंतीला टेकायचीही नाही.

इकडे चिका काही केल्या लागेनात. एक शेषरावानं आतून छताच्या सऱ्याला बांधली. ती दारापासून हातभर आत लोंबू लागली, त्यामुळे येणारा माणूस दार आणि चिक यांच्यामध्ये अडकून ‘कोणी आहे का’ म्हणून हाका मारी. भाऊराव एकदा तिच्यात असे गुंडाळले गेले, की जेवणाची वेळ होईपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. मग शेषरावानं चौकटीत आडवा बांबू बसवला. बांबू पक्का बसायला पाचर हवी.

“पाचर ठोकतो,” तो म्हणाला.

“ठोकाची नाही.”

“अवो माय, ते लाकूड हाये. खिळा नाही.”

“ठोकनं ते ठोकनं. हातानं दाब.”

त्यानं हातानं दाबली. बांबू दोन दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी, वच्छला दारातली तांदळाची परात घेऊन नुकती उठून आत गेली आणि चिकेसकट बांबू धाडकन तिथेच आदळला. तिच्या बसायच्या पाटाचे दोन तुकडे झाले. शेषराव त्या पाटाकडे बघत राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला. मग तो सुताराकडे हातोडी मागायला गेला.

पंचफुलाबाई त्या वेळी समोर गीताबाईंच्या ओसरीवर पापड लाटत होत्या. गल्लीतल्या सगळ्या बायका जमल्या होत्या. तेवढ्यात समोरून आवाज आला, ‘टक’. लाकडावर लोखंडाचा. लाटणी थांबली. साऱ्या जणी पिठाच्या हातांनी उठल्या आणि पंचफुलाबाईंच्या मागे गल्ली ओलांडून धावल्या. पापडांवर कोंबड्या चढल्या, पण त्या दिवशी कोंबड्यांकडे बघायला सवड कोणाला होती?

शेषराव दारात स्टुलावर उभा होता. खिळा दातांत, हात वर. खिळा कुठे मारावा हे बघायला त्यानं चौकट नुसती ठोकून पाहिली होती. वर गेलेला हात मात्र खाली येत नव्हता, कारण हातोडीचा दांडा मागून भाऊरावांनी धरला होता. बाजेवरून ते कधी उठले, हे कोणीच पाहिलं नव्हतं.

“नाही म्हंते ना तुही माय,” भाऊराव म्हणाले. “मंग नाही.”

त्यांनी हातोडी काढून घेतली, कंबरेला खोचली, पडलेल्या चिका खांद्यावर टाकल्या आणि घरामागच्या शिडीकडे निघून गेले. जाताना त्यांचा धक्का लागून बाजेवरच्या उशीचा कोपरा सरकला; खाली घरची हरवलेली हातोडी होती. पंचफुलाबाईंनी ती पाहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं आपल्याला न विचारता केलेली ही पहिलीच गोष्ट, आणि तीही बरोबर निघावी, याचं त्यांना जरा नवल वाटलं.

शेषराव स्टुलावरून उतरला. दातांतला खिळा काढून म्हणाला, “तिच्या डोक्यात बांबू पडला असता आज. मी तिच्यासाठीच ठोकून राह्यलो होतो. आन साऱ्या गावाले माह्या भिंतीची पडली.”

सगळ्या बायका एकदम वच्छलाकडे बघू लागल्या आणि मग, आपण बघतोय हे लक्षात येऊन, एकदम कैऱ्यांकडे. वच्छलानं एकीकडून दुसरीकडे नजर फिरवली. सुपाकडे पाहिलं, चिंचांकडे पाहिलं. हळूहळू तिला उमगलं. एवढे दिवस आपण एकटीनं सांभाळलेली गोष्ट अख्खं गाव आपल्यासोबत सांभाळत होतं, चिंचेच्या आकड्यासकट. तिनं पदर तोंडाला लावला. रडते की काय म्हणून पंचफुलाबाई पुढे झाल्या, तर ती हसत होती.

तेवढ्यात वर धाब्यावर दगड सरकल्याचा आवाज आला. कठड्यावरून दोऱ्या खाली आल्या आणि दोन्ही चिका, एक दारावर आणि एक खिडकीवर, सरसर उलगडत गेल्या. भाऊरावांनी दोऱ्यांची टोकं धाब्यावर पडलेल्या जुन्या जात्याच्या जड तळीला बांधली होती. ना खिळा, ना पाचर. दारातलं ऊन विझलं. वच्छलाच्या तोंडावर बारीक बारीक सावल्या पडल्या.

“बा, हे आधी काऊन नाही सांगतलं?” शेषरावानं वर तोंड करून विचारलं.

“तुले ठोकाचं होतं,” वरून उत्तर आलं. “बांधाचं कुठं होतं?”

पंचफुलाबाईंनी सुनेकडे पाहिलं. “सांगू का?” त्यांनी विचारलं. वच्छलानं सावलीतूनच मान हलवली. मग त्यांनी पिठाचे हात लुगड्याला पुसले आणि लेकाला समोर उभं केलं.

“शेषराव, तुह्या डोक्यात कोनतीबी गोष्ट घालाची म्हटलं का खिळ्यावानी ठोकूनच घाला लागते. पन या घरात आता दिवाळीपावतर ठोकाचं नाही. म्हनून सबुरीनं सांगतो, आयक. तू बाप होऊन राह्यला. आन एसटीत पेढे वाटाच्या भानगडीत पडू नको, कंडक्टरले तुह्या आधी मालूम हाये.”