बंदरावरचा बोकड

उन्हाळ्यात वाचण्याजोगं आवडतं पुस्तक सभासदांनीच एकमेकांना सुचवायचं, ही कल्पना ग्रंथपालबाईंची. उन्हं तापली की लोक वाचनालयात पुस्तकं न्यायला येत नसत, पंख्याखाली बसायला येत. बसल्या बसल्या निदान एकमेकांना काही सांगतील, एवढीच बाईंची अपेक्षा होती.

पहिल्याच शनिवारी चष्मेवाले उभे राहिले. बाजारात त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि गावातल्या निम्म्या नाकांवर त्यांचेच चष्मे होते. एरवी हा माणूस मोजकं बोलणारा. ‘हे स्पष्ट की ते स्पष्ट?’ याच्यापलीकडे त्यांचं भाषण कुणी ऐकलं नव्हतं. पण त्या दिवशी ते ‘खाऱ्या वाऱ्याचं बंदर’ या पुस्तकाबद्दल बोलायला लागले आणि थांबेचनात.

लहानपणी ऐन सुट्टीत त्यांच्या डोळ्याला चेंडू लागला होता. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून निजवून ठेवलं. बाहेर मुलं खेळतायत, हा आपला अंधारात. तेव्हा मोठ्या बहिणीने रोज दुपारी शेजारी बसून हे पुस्तक वाचून दाखवलं. एका बंदरावर एक लंगडा पोस्टमास्तर असतो. त्याचा एक बोकड असतो. ओहोटी लागली की हा बोकड गळ्यात टपालाची पिशवी अडकवून खडकांवरून उड्या मारत दीपगृहापर्यंत जातो. एकदा तो वाटेत एक पत्र खातो, आणि त्या पत्रात काय होतं हे शोधायला पोस्टमास्तर आणि बोकड दोघंही जहाजावर चढतात.

“आयुष्यात मी बरीच पुस्तकं वाचली,” चष्मेवाले म्हणाले, “पण मला दिसलं ते एवढंच.”

हे ऐकून औषधांच्या दुकानवाल्या काकूंनी पदराने डोळे टिपले. बाईंनी शोधाशोध केली तेव्हा पुस्तक खालच्या कप्प्यात, भिंतीकडे तोंड करून पडलेलं सापडलं. ते आजवर कुणी नेलंच नव्हतं. काकूंनी ते लगेच पिशवीत टाकलं आणि त्यांच्यामागे नंबर लागले.

काकूंनी घरी जाऊन पहिलं पान उघडलं. ‘त्या दिवशी बंदरावर वारा पडला होता.’ सुरुवात झकास होती. दुसऱ्या वाक्यापासून मात्र बंदराचा धक्का कसा बांधावा ते सुरू झालं. दगड कुठून आणले, चुन्यात आणि सिमेंटात वाळू किती मिसळली, भरतीचं पाणी पायात शिरू नये म्हणून काय केलं. हे पुस्तक कुणा इंजिनियरने निवृत्त झाल्यावर लिहिलेलं होतं. काकू बोकडाची वाट बघत निम्म्या पुस्तकापर्यंत गेल्या. तिथे एक क्रेन आली, बोकड आला नाही. आपलीच वाचायची सवय मोडली असणार, असं त्यांना वाटलं. भर सभेत डोळे टिपले होते, आता माघार कशी घेणार? पुस्तक परत देताना त्यांनी पुढच्या वाचकाला, म्हणजे शाळेतल्या ड्रॉइंगच्या मास्तरांना, सांगितलं, “सुरुवातीला थोडं जड जातं. पण पुढे रंगतं.”

मास्तरांना ते पुढेही रंगलं नाही. पण काकूंना समजलं ते आपल्याला समजू नये हे मास्तरांना पटेना. बाजारात काकूंनी विचारलं, बोकड कसा वाटला? मास्तरांनी ठोकून दिलं की बोकड हे एक प्रतीक आहे. काकूंना इतकं बरं वाटलं की त्यांनी तेच पुढे चार जणांना सांगितलं. महिनाभरात पुस्तक घरोघरी फिरलं. ज्याने त्याने सिमेंट वाचलं आणि बोकडाची तारीफ केली. वाचनालयात इतकी गर्दी कधी झाली नव्हती. खूश होऊन बाईंनी जाहीर केलं, की उन्हाळ्याचा शेवटचा शनिवार याच पुस्तकावरच्या चर्चेसाठी.

घोटाळा झाला तो पुस्तक बँकेच्या निवृत्त मॅनेजरांकडे गेल्यावर. हा गृहस्थ औषधाच्या बाटलीबरोबर येणारा घडीचा कागदसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा. त्यांनी पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, परिशिष्टासकट. मग ते छत्री उघडून भर दुपारी थेट चष्म्यांच्या दुकानात गेले आणि पुस्तक काउंटरवर ठेवून शांतपणे म्हणाले, “यात बोकड नाही.”

चष्मेवाले हसले. ही आवृत्ती संक्षिप्त असेल, त्यांनी समजूत घातली. मॅनेजरांनी मुखपृष्ठामागचं पान उघडून दाखवलं. आवृत्ती एकच निघाली होती, पहिली आणि शेवटची. ते गेल्यावर चष्मेवाल्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि जन्मात पहिल्यांदा ते पुस्तक स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. दगड, चुना, वाळू. पहिलं वाक्य तेवढं ओळखीचं होतं. ते वाचताना त्यांना ताईचा आवाज ऐकू आला, आणि दुसऱ्या वाक्याला तो बंद झाला.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. आता सगळ्यांनाच आठवलं की आपल्याला पहिल्यापासून शंका होती. ड्रॉइंगचे मास्तर तर म्हणाले की नसलेला बोकड हेच खरं प्रतीक. एक गिऱ्हाईक नंबर तपासताना भिंतीवरची अक्षरं वाचता वाचता थांबलं आणि म्हणालं, काका, यात कुठे बोकड लपलाय का? चष्मेवाल्यांनी वाचनालयात जाणं सोडलं. थट्टेचं त्यांना फार वाटलं नाही. पण ती सुट्टी, तो अंधार, ते दीपगृह, हे सगळं होतं तरी की नव्हतं, याने त्यांना अन्न गोड लागेना. शेवटी त्यांनी ताईला फोन लावला. ताई दुसऱ्या गावी राहायची. वयाने ती आता चांगलीच थकली होती, आवाज मात्र तसाच होता.

सगळं ऐकून तिने विचारलं, “किती जणांनी वाचलं म्हणतोस ते?”

“अर्ध्या गावाने.”

“अरे देवा,” ताई म्हणाली. “मी येते.”

शेवटच्या शनिवारी वाचनालय गच्च भरलं होतं. ताई काठी टेकत आली, पंख्याखालची खुर्ची धरून बसली आणि आढेवेढे न घेता तिने सांगून टाकलं. त्या वेळी घरात ते एकच पुस्तक होतं. एक वाक्य वाचलं आणि पुढे सिमेंट लागलं. शेजारी धाकटा भाऊ डोळे बांधून वाट बघत होता. मग ती पुस्तक नुसतं समोर धरायची, मधून मधून पान उलटल्याचा आवाज करायची आणि मनात येईल ते सांगायची.

मग मागून औषधवाल्या काकूंनी विचारलं की पोस्टमास्तर लंगडा का होता? ताईने सांगितलं. त्यावर मॅनेजरांनी दीपगृहाबद्दल एक शंका काढली, तीही तिने फेडली. बघता बघता तिने सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली आणि लोक उठेनात. दाराशी उभं राहायला आलेले चष्मेवाले कधी खाली सतरंजीवर बसले, त्यांनाही कळलं नाही.

ग्रंथपालबाईंनी हात जोडून तिला विनंती केली, की पुढच्या उन्हाळ्यासाठी तुमचं एखादं आवडतं पुस्तक सुचवा.

“मला कुठलं सुचवायला सांगताय,” ताई म्हणाली. “मला वाचायचा पहिल्यापासून कंटाळा. तेव्हाही कंटाळा आला म्हणून तर बोकड आणला.”

घरी परतताना दोघं सावलीसावलीने सावकाश चालली होती. चष्मेवाल्यांनी विचारलं की जहाजाचं पुढे काय झालं, ते मला का आठवत नाही?

“कारण मी सांगितलंच नाही. त्या सकाळी तुझी पट्टी सुटली आणि तू जो बाहेर पळालास, तो सुट्टी संपेपर्यंत दिसला नाहीस. मी शेवट तयार ठेवला होता.”

“काय होता?”

“वादळ येतं. बोकड बुडतो.”

चष्मेवाले रस्त्यातच थांबले. असं करायचं काही कारण नव्हतं, ते म्हणाले. ताई म्हणाली, कारण होतं. तिच्या मैत्रिणी रोज नदीवर जायच्या आणि ती त्या बोकडापायी घरात बसायची. तिची निम्मी सुट्टी त्याने खाल्ली होती. चष्मेवाल्यांना हे ठाऊक नव्हतं. पण कोपऱ्यावर आल्यावर त्यांना राहवेना. खडकांवरून उड्या मारणारं जनावर, त्याला पोहता येत नाही हे कसं, असा त्यांचा मुद्दा होता. घराच्या फाटकापर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

“बरं बाबा,” फाटकाची कडी काढत ताई म्हणाली, “पोहत येतो काठाला. पण टपाल बुडालं ते बुडालंच. सगळंच कसं वाचेल?”