कोल्ह्यासाठी लावलेला डीजे

जनावर कसं बोलवायचं हे मला कोणी शिकवायची गरज नाही, हे आधीच सांगून ठेवतो. खारबावच्या खाडीकाठी माझी पन्नास वर्षं गेली आहेत. बगळा कधी उडणार हे मला बगळ्याच्या आधी कळतं. तेव्हा एक कोल्हा बोलावून त्याला समज देणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. असं मी बायकोला म्हणालो आणि तिथून सगळं सुरू झालं.

झालं होतं असं, की पंधरा दिवसांत आमच्या नऊ कोंबड्या गेल्या. सकाळी खुराड्याबाहेर पिसं आणि चिखलात पंजे. कमळ, म्हणजे माझी बायको, रोज चहाबरोबर मला एकच ऐकवायची, की खुराड्याचं दार सुतळीने बांधलंय ते सोडा आणि एक कडी बसवा. मी म्हणायचो, अगं, बंदोबस्त मुळापासून करायचा असतो. कडी काय, कोणीही बसवेल.

आमच्या दिपालीचं म्हणणं वेगळंच. ही आमची एकुलती एक मुलगी. तीन वर्षं पहाटे उठून खारबाव स्टेशनच्या रस्त्याने पळाली, अभ्यास केला आणि वनरक्षकाच्या भरतीत तिचं नाव लागलं. आता फक्त पडताळणी राहिली होती आणि मग हातात ऑर्डर. मी कोल्ह्याचा विषय काढला तशी ती ताट बाजूला सारून म्हणाली, "बाबा, त्याला हात लावायचा न्हाय आणि बोलवायचा पण न्हाय. आमिष दाखवून बोलावलं तरी कायद्यात ती शिकारच हाय. नुसता प्रयत्न केला तरी गुन्हा. माझ्याच घरात असली केस निघाली तर माझी ऑर्डर कोण काढंल?"

मी शांतपणे विचार केला. हात मी लावणारच नव्हतो. आमिष म्हणाल तर खाण्याची एक वस्तू मी ठेवणार नव्हतो. मी ठेवणार होतो तो आवाज, आणि आवाजाचा पंचनामा कोणी केलेला माझ्या तरी ऐकिवात नाही. मोबाईलवर एक माणूस मी पाहिला होता. तो झुडपात बसून घाबरलेल्या सशाचा आवाज वाजवतो आणि पाच मिनिटांत कोल्हा हजर. मी संकटातल्या कोंबडीचा आवाज उतरवून घेतला. बेत साधा होता. कोल्हा आला, की त्याच्या तोंडावर बॅटरी मारायची आणि पत्र्याचा डबा असा बडवायचा, की त्याच्या नातवंडांनीही खारबावचं नाव काढू नये.

अडचण एकच. मोबाईलचा आवाज खुराड्यापर्यंतच जायचा. त्याने आमच्याच कोंबड्या घाबरल्या आणि दोघींनी अंडी देणं बंद केलं. म्हणून मी मनोजला बोलावलं. मनोज माझा चुलत भाऊ, त्याचा डीजे आहे. आमच्या पंचक्रोशीतली एकही हळद त्याच्या स्पीकरशिवाय लागत नाही.

शनिवारी दिपाली पडताळणीचे कागद द्यायला भिवंडीला पोलीस ठाण्यात गेली. मुहूर्त चांगला होता. दिवस कलायच्या सुमाराला मनोजने टेम्पो अंगणात लावला आणि खाडीकडे तोंड करून माणसापेक्षा उंच दोन स्पीकर उभे केले. मी खाकी घोंगडी पांघरून, बॅटरी आणि डबा घेऊन स्पीकरला टेकून बसलो. मनोज म्हणाला, आधी टेस्टिंग करावं लागतं, नाहीतर स्पीकर उडतो. त्याच्या धंद्यातलं मला काय कळतंय. त्याने टेस्टिंगला हळदीचं एक गाणं पूर्ण वाजवलं आणि मग कोंबडी लावली.

कोंबडी ओरडली ती थेट पायगावपर्यंत गेली असावी. माझ्या तर दाढेचं सिमेंट हललं. मनोजला मात्र नुसती कोंबडी ऐकवेना. त्याने खालून हलकासा ढोल सोडला.

आता इथे मला आमची एक पद्धत सांगायला हवी. आमच्याकडे संध्याकाळी अंगणात डीजे वाजला, की ती हळद असते. हळदीला माणसं पत्रिका बघून येत नाहीत, आवाजावर येतात. आणि ज्या अंगणात आवाज झाला त्या घरात लग्नाची मुलगी होती.

पहिल्यांदा आली आमची सीताबाई आत्या, तिच्यामागे तिच्या चार सुना, एका रंगाच्या साड्या नेसून. वीस मिनिटांत त्यांनी साड्या कशा जुळवल्या हे मला अजून कळलेलं नाही. आत्याने मला विचारलं, भावाचा लेक म्हणवतोस आणि पोरीच्या हळदीला सांगत न्हाईस? मी घोंगडीतून काही बोलणार तोवर दुसरी वीस माणसं फाटकातून आत आली. त्यांनी कमळला गाठलं. तिने देवाशपथ सांगितलं, की मला यातलं काही माहीत नाही. त्यावर बायका जास्तच चिडल्या, की बघा, आईलासुद्धा सांगितलं नाही!

साठ माणसं जमली. कोंबडीच्या किंकाळीवर दोघंजण नाचत होते. नवीन मिक्स हाय, असं ते एकमेकांना सांगत होते. हळदीची गाणी म्हणणाऱ्या रंगूबाई वाटीत हळद कालवूनच आल्या आणि त्यांनी बसल्या जागी सूर लावला. गाण्यात नवऱ्या मुलाचं नाव घालावं लागतं, म्हणून त्यांनी मला नाव विचारलं. मी म्हटलं, तेवढी जागा मोकळी ठेवा.

तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली आणि वन खात्याच्या वनपाल संघरत्ना मॅडम उतरल्या. कोणीतरी त्यांना फोन केला होता, की खारबावला एक जनावर फार हाल होऊन ओरडतंय, लवकर या. मॅडमच्या माणसाच्या हातात जाळी होती आणि औषधाची पेटी. मनोजने कोंबडी बंद केली.

मॅडमनी विचारलं, "हे काय चाललंय?"

खरं सांगितलं असतं तर गुन्हा, आणि गुन्हा म्हणजे दिपालीची तीन वर्षं पाण्यात. मी म्हणालो, "हळद हाय, मॅडम. पोरीची."

त्याच वेळी दिपाली स्टेशनवरून चालत, हातात फाईल धरून फाटकातून आत आली. तिने काही विचारायच्या आत रंगूबाईंनी तिच्या दोन्ही गालांना हळद फासली आणि सीताबाई आत्या तिच्या गळ्यात पडून रडली. दिपालीने स्पीकर पाहिले, माझी घोंगडी पाहिली, डबा पाहिला आणि जीप पाहिली. माझी लेक हुशार आहे. तिला सगळं कळलं. मी डोळ्यांनी तिला विनवत होतो, की बाई, आजच्या दिवस नवरी हो.

"मॅडम, हळद न्हाय," ती म्हणाली. "माझे बाबा कोंबडीच्या आवाजाने कोल्हा बोलवत होते. हे शिकारीत धरतात, मला ठाऊक हाय. मी भरतीच्या यादीत हाय. माझं नाव घेऊन मग काय ते लिहा."

पिवळ्या गालांनी ती ताठ उभी होती आणि आवाज जराही हलत नव्हता. मला अभिमान वाटला आणि त्याच वेळी मातीत तोंड खुपसावंसं वाटलं.

मॅडमनी आधी तिचं नाव लिहून घेतलं. मग त्यांनी मला विचारलं, की सापळा कुठे आहे, हत्यार कुठे आहे, काय काय आलं. मी सांगितलं, सापळा नाही, हत्यार म्हणजे हा डबा, आणि आले ते सगळे भाऊबंद. त्यांनी खुराडं पाहिलं, सुतळी पाहिली आणि बॅटरीच्या उजेडात चिखल तपासला. पंजे कोल्ह्याचे होते. पण गेल्या महिन्यात पलीकडच्या डोंगराला बिबट्या दिसलाय, असं त्यांनी सांगितलं.

"काका, तुम्ही खाकी पांघरून खाली बसला होतात," त्या म्हणाल्या, "आणि कोंबडीचा आवाज तुमच्यातून येत होता. कोल्ह्याऐवजी तो आला असता तर त्याची काय चूक होती?"

मी घोंगडी काढून ठेवली.

केस झाली नाही. माझ्याकडून हमीपत्र लिहून घेतलं, की पुन्हा कुठल्याही आवाजाने कुठल्याही वन्यप्राण्याला बोलावणार नाही. मजकूर दिपालीने सांगितला, अक्षर माझं. साठ माणसं उपाशी परत कशी पाठवायची, म्हणून कमळने भात चढवला. मॅडमही दोन घास जेवल्या. दुसऱ्या दिवशी कमळने स्वतः कडी बसवली. त्यानंतर एक कोंबडी गेलेली नाही, आणि याबद्दल ती चकार शब्द बोलत नाही, जे फार वाईट असतं.

महिन्याभराने दिपालीची ऑर्डर आली. खाकी कपड्यात तिला पाहून मी फाटकामागे जाऊन डोळे पुसले. पहिलंच काम मॅडमनी तिला दिलं ते आमच्याच गावात, ग्रामपंचायतीच्या सभागृहात, वन्यप्राण्यांविषयी लोकांना माहिती द्यायचं. मी पुढे जागा असूनही शेवटच्या बाकावर बसलो.

ती छान बोलली. आवाज काढून जनावर बोलावू नये, ते कायद्यानेही चूक आणि जिवालाही धोका, हे तिने नीट समजावलं. मग म्हणाली, उदाहरणार्थ, आपल्याच गावातल्या एका इसमाने असा प्रकार केला होता, त्यांचं नाव मी घेणार नाही.

सगळं सभागृह वळून माझ्याकडे बघायला लागलं. मीही मागे वळून बघितलं, कोण आहे म्हणून. मागे भिंत होती.