म्हादबा दलाल आणि माझ्या घराच्या खोडी

म्हादबा दलालानं माझ्या घराच्या चौकटीवर थाप मारली, दोन पावलं मागं सरून कौलांवरून नजर फिरवली, उंबरा अंगठ्यानं दाबून पाहिला आणि निकाल दिला, "जुळलेलं हाय, मास्तर. पर अजून धा-बारा वर्सं वडंल."

घर काय ओढणार होतं, ते मी विचारलं नाही. म्हादबाचा जन्म बैलबाजारात गेलेला. बैलाचे सगळे दात आले की तो जुळला म्हणतात. लढाईच्या दिवसांत बाजार बसला तेव्हा हा गृहस्थ घरांच्या दलालीत शिरला, पण शिरताना बैल दाराबाहेर बांधायला विसरला. चार वर्षं तो माझ्याच कट्ट्यावर येऊन बसत होता. त्याचा मुलगा दत्तू पलटणीत होता. म्हादबा बाजाराच्या कडेला एका छपरात राहायचा, तिथं टपाल पोहोचत नसे, म्हणून दत्तूची पत्रं माझ्या पत्त्यावर यायची आणि मी ती वाचून दाखवायचो. पण त्या दिवशी त्यानं घराकडं असं पाहिलं, जसं काही ते आत्ताच कुणी दाव्याला धरून समोर आणलंय.

मग दलाली ठरली. कशी ठरली ते ऐका. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं, माझ्या हातावर टाकलं आणि त्याखाली माझी बोटं दाबली. आधी तीन, मग अंगठा, मग करंगळीचं अर्धं पेर. बैलबाजारात भाव असाच होतो, आजूबाजूच्यांना कळू नये म्हणून. इथं आजूबाजूला एक शेळी होती.

"कबूल?" म्हादबा म्हणाला.

मी शाळेत गणित शिकवतो. मी मान हलवली.

"किती ठरली दलाली?" बायकोनं विचारलं.

"ठाऊक नाही."

"अहो, मग कबूल काय केलंत?"

"तेही ठाऊक नाही."

नापास मुलाची आई माझ्याकडं बघते, तशी ती बघत राहिली.

घर विकायलाच हवं होतं. जूनपासून मला सांगलीच्या शाळेत नोकरी मिळाली होती. तिथं दोन खोल्यांत मी, बायको, तीन मुली आणि छपराला टांगलेलं निम्मं सामान असा संसार होता. शाळेजवळचं एक छोटं घर नक्की केलं होतं. मालक दसऱ्यापर्यंत थांबायला तयार होता, पुढं एक दिवसही नाही. साताऱ्याचं घर विकल्याशिवाय सांगलीचं येणार नव्हतं. किल्ली म्हादबाच्या हातात दिली आणि मी मोटारीत बसलो. पेट्रोलच्या टंचाईमुळं ती मोटार कोळशावर चालत होती आणि तिलाही सांगलीला जायचं नव्हतं.

महिन्यातून एकदा मी साताऱ्याला यायचो. घर बंद, भिंतींना पोपडे, कौलावर गवत. फक्त कट्टा लख्ख झाडलेला असायचा. म्हटलं, चला, दलालीतली एवढी तरी सेवा मिळाली.

गिऱ्हाइकं येत होती, पण गाठ म्हादबाशी होती. बैल चालवून दाखवतात. घर चालत नाही, म्हणून तो गिऱ्हाईक चालवायचा. वाईच्या एका भटजींना त्यानं घराभोवती सात फेऱ्या मारायला लावल्या. भटजी घामाघूम होऊन कट्ट्यावर टेकले, तेवढ्यात म्हादबानं गंभीर चेहरा करून सुरुवात केली, "आता खोड सांगतो. आड चैतात आटतो. वसरी आग्नेय कोपऱ्यात गळती. आनि शेजारचे पेन्शनर पहाटं तीनपास्नं खोकत्यात."

भटजी निघून गेले. मी कपाळावर हात मारला. "म्हादबा, तू दलाल कुणाचा? माझा की त्यांचा?"

"आवं, खोड लपवून जनावर इकलं तर मागारी येतंय. दलालाचं त्वांड जातंय. आमच्या बानं मला येवढंच शिकिवलं."

"आणि ते शेजारी ऐकत होते!"

"खोकत हुते की! खोटं सांगितलं काय?"

खरंच, तो खोटं सांगत नव्हता. पाटणच्या निवृत्त कारकुनाला त्यानं सांगितलं की माजघरात उन्हाळ्यात लय उकडतं. एका विधवा बाईंना सांगितलं की मागच्या दाराची कडी आतून बसत नाही. सगळं खरं. श्रावण लागला, घर तसंच. सांगलीत बायको म्हणाली, "त्याला दलाली देण्यापेक्षा गप्प बसायचे पैसे द्या."

गणपती झाल्यावर शिराळ्याचे नाना कासार आले. साताऱ्यात बांगड्यांचं दुकान टाकायचं होतं. त्या दिवशी मी हजर होतो. नानांनी फेऱ्या मारल्या, आड, ओसरी, खोकला सगळं ऐकलं आणि म्हणाले, "चालतंय. माझी मंडळी लय घोरती, कुनाचा खोकला ऐकू येनार न्हाई."

म्हादबाचा चेहरा पडला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आनि... माजघरात नाग ऱ्हातोय."

मी थक्क झालो. या घरात मी बावीस वर्षं राहिलो, उंदराखेरीज कुणी राहिलं नव्हतं.

पण थक्क व्हायची खरी पाळी म्हादबाची होती. आता शिराळकराला कुणी नागाची भीती घालतं का? जिथं पंचमीला जिवंत नाग घरात आणून पुजतात, तिथला हा माणूस. नाना ताडकन उठले. "कुठं हाय? दावा की!" माजघरात जाऊन ते कोपऱ्याकोपऱ्यात वाकून, हात जोडून बघू लागले. "देवाच्या पायगुणाचं घर हाय गड्या! म्या घेतलं!"

म्हादबा मटकन कट्ट्यावर बसला.

"म्हादबा," मी हळू आवाजात विचारलं, "नाग कधी होता रे इथं?"

"न्हाई."

"आजवर तू खोटी खोड सांगितली नव्हतीस."

तो उपरण्यानं कट्टा पुसू लागला. कट्टा स्वच्छच होता. रोज सकाळी येऊन झाडल्यासारखा.

"दत्तूचा कागद हितं येतोय, मास्तर."

मला लढाई संपली त्या वर्षीचा सरकारी कागद आठवला. मीच वाचून दाखवला होता. दत्तू ब्रह्मदेशात बेपत्ता. बेपत्ता म्हंजी मेला न्हाई नव्हं, असं त्यानं तीनदा विचारलं होतं. नाही, नुसता सापडत नाही, असं मी तीनदा सांगितलं होतं. "मंग झालं," तो म्हणाला होता, "चुकलेलं जनावर आपल्या दावणीलाच येतंय." तेव्हा मी हसलो होतो, त्याला बरं वाटावं म्हणून. त्यानंतर एकही पत्र आलं नाही आणि मी विसरलो.

"त्येला ह्योच पत्त्या ठाव हाय," म्हादबा म्हणाला. "तुमी सांगलीला. घर दुसऱ्याचं. पोस्टमननं कागद कुनाच्या हातात द्यायचा? आनि त्यो सोताच आला तर?"

दसरा जेमतेम महिन्यावर आला होता.

नाना हात झाडत बाहेर आले. "देव काय दिसंना."

म्हादबा उठला. "नाग न्हाई. म्या लबाड बोललो."

"न्हाई?" नाना हिरमुसले. "मंग भाव उतरवा!"

"उतरवू. पर एक खरी खोड सांगायची ऱ्हायली." त्यानं पटका नीट केला. "ह्या घराच्या कट्ट्यावर एक म्हातारा रोज येऊन बसतोय. टपालाच्या येळंपातूर. कुनाला तरास न्हाई त्येचा. पर ती खोड घराबरूबर येनार. घेनार असाल तर घ्या."

नाना त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"पोरगं पलटणीत हुतं?" नानांनी विचारलं.

"हाय," म्हादबा म्हणाला.

नानांनी स्वतःच त्याच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि दोघांच्या हातांवर टाकलं. खाली काय ठरलं ते मला आजही माहीत नाही. भाव मात्र उतरला नाही.

खरेदीचे कागद झाले त्या दिवशी कचेरीबाहेरच्या चिंचेखाली मी म्हादबाला म्हटलं, "आता तुझी दलाली सांग बाबा. बोटांत नको, तोंडानं सांग."

त्यानं ऐकलं नाही. शेजारी बसला, उपरणं पसरलं आणि त्याखाली माझा हात धरला. मी वाट बघू लागलो. तीन बोटं? अंगठा? अर्धं पेर? त्यानं एकही बोट दाबलं नाही. नुसता हात धरून बसला. मीही काढून घेतला नाही.

बैल घेऊन चाललेले दोघं जण आमच्याकडं बघून थांबले.

"लय येळ लागला," एक जण दुसऱ्याला म्हणाला. "सौदा मोठा दिसतोय."